निळ्या ठिपक्याची मर्जी

हिंगणमाळच्या हायस्कुलात डुबल मॅडम विज्ञान शिकवायच्या असं सगळे म्हणत, पण ते तितकंसं खरं नव्हतं. मॅडम विज्ञान सांगायच्या आणि पोरं ते लिहून घ्यायची. "लिहून घ्या" एवढं मॅडमच्या तोंडून बाहेर पडायचा अवकाश, की झाडून सगळ्या माना खाली. मग मॅडम दोन्ही रांगांमधून फेऱ्या मारत सांगणार, "शास्त्रीय कारणे द्या. लोखंडी वस्तू दमट हवेत गंजतात, स्वल्पविराम, कारण लोखंडाचा ऑक्सिजन आणि बाष्पाशी संयोग होऊन, स्वल्पविराम, शेवटचा बाक खिडकी लावा, त्यावर तांबूस थर तयार होतो." कारण काय, खिडकी काय, सगळं एका सुरात. पोरांचे हात झरझर चालायचे. डोकी कुठं असायची ते देवालाच ठाऊक.

महाराष्ट्रभर फळे जाऊन पडदे आले होते, एसटी विजेवर पळत होती, दप्तरात पुस्तकांऐवजी एक पातळ पाटी असायची, पण हिंगणमाळात फळा आणि वही काही मेली नव्हती. आणि डुबल मॅडमच्या वहीचा तर तालुक्यात दबदबा होता. डाव्या हाताला दोन बोटांचा समास, प्रश्न लाल शाईत, उत्तर निळ्या. त्या वहीचं नाव पार कोइमतूर, कानपूर, कटकपर्यंत पोचलं होतं. कारण हिंगणमाळातली, एकूणच विट्याच्या आजूबाजूची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुन्यापान्या दागिन्यांतून शुद्ध सोनं वेगळं काढण्याच्या कामात. दुकान तिकडं परमुलखात आणि घर इकडं माळावर. बाप वर्षातून एकदा जत्रेला यायचा. बाकी वर्षभर तो पोरांना फक्त फोनवर भेटायचा.

अशा या शाळेत पुण्याच्या एका कंपनीनं प्रयोगासाठी 'स्वयंटीप' आणलं. नाव जड होतं म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला टिकली म्हणायला सुरुवात केली. होतीही टिकलीएवढीच. कानामागं चिकटवायची, बस्स. दहावीवर प्रयोग करायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून ती नववीच्या कानामागं लागली. कंपनीकडून केतकी नावाची एक चुणचुणीत मुलगी आली होती. तिनं शिक्षकांच्या खोलीत पडद्यावर मेंदूचं चित्र काढून सगळं समजावून सांगितलं.

"मॅडम, मेंदूच्या देठात एक अगदी बारका निळसर ठिपका असतो," केतकी म्हणाली. "काही नवं दिसलं, धक्का बसला, किंवा कानावर पडलं ते आपल्या कामाचं आहे असं वाटलं, की हा ठिपका एक रसायन शिंपडतो. ते आठवणींच्या कोठारापर्यंत पोचलं की कोठाराला कळतं, हे ठेवायचं. बाकीचं वाहून जातं. आमच्या लोकांना सापडलं ते असं, की मूल आपणहून काही टिपून ठेवतं ना, त्याच्या क्षणभर आधी या ठिपक्यातून एक ठरावीक लहर उठते. ही टिकली ती लहर पकडते, आणि तुम्ही नुकतंच जे बोललात ते त्या मुलाच्या पाटीवर टिपून ठेवते."

"म्हणजे पोरांनी लिहायचंच नाही?" हेडसरांनी विचारलं. पिसाळ हेडसर हे सरळमार्गी गृहस्थ, शाळेत नवं काही आलं की त्यांना आधी त्याचं कुलूप कुठं लावायचं याची काळजी.

"मुलांनी नुसतं ऐकायचं, सर. जे मनाला भिडेल ते आपोआप लिहिलं जाईल."

डुबल मॅडमना हे पटलं. किंबहुना आतून त्या खूशच झाल्या. इतकी वर्षं आपण घसा फोडून सांगतोय, त्याची लहर कशी दिसते ते एकदा बघू तरी, असं त्यांच्या मनात आलं. वह्याही चालू ठेवायच्या, टिकलीही लावायची, असं ठरलं.

आठवड्यानं पहिला अहवाल आला आणि मॅडमच्या पायाखालची जमीन सरकली.

पडद्यावर एक लांब रेष होती, अख्ख्या वर्गाच्या लहरींची. मॅडम वर्गात शिरल्या तिथं ती थोडी हलली होती. फळ्यावर आकृती काढताना बऱ्यापैकी वर गेली होती. आणि "लिहून घ्या" म्हटल्याबरोबर जी खाली बसली ती तास संपेपर्यंत उठलीच नव्हती. एकाही पोराच्या पाटीवर एकाही शास्त्रीय कारणाची टीप नव्हती.

"यंत्र बिघडलंय," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम," केतकी खाली बघत म्हणाली. "तुम्ही लिहा म्हटलं की मेंदू म्हणतो, चला, हे हाताचं काम, वही आहे की सांभाळायला. आणि तो सुट्टीवर जातो. सगळ्याच शाळांत असं दिसतंय."

मॅडम तिथून उठल्या. रिकाम्या वर्गात जाऊन त्या एका बाकावर बसल्या आणि त्यांनी पोरांच्या पाट्या एकेक करून वाचायला घेतल्या. मग टिपलंय तरी काय या कार्ट्यांनी? तर ते असं. मॅडमच्या सासूबाई तांब्याचं घंगाळ चिंचेनं घासायच्या, ते त्यांनी सहज सांगितलेलं निम्म्या वर्गाच्या पाटीवर होतं. आम्ल सांडून त्यांच्या साडीला पडलेलं भोक होतं. मुंगी चावते तेव्हा आम्लच टोचते, हे होतं. आणि पहिल्या बाकावरच्या राजवी देवकरच्या पाटीवर तर टिपांची रीघ लागली होती. कुठं मॅडम बोलता बोलता अडल्या, कुठं "थांबा, हे चुकलं माझं" म्हणाल्या, नेमकं तिथं तिथं त्या पोरीची लहर उसळलेली. सगळ्या वर्गात एवढी हट्टी, एवढी स्वतःच्या मनाची रेष दुसऱ्या कुणाचीच नव्हती.

मॅडमना रडू आलं, हसूही आलं. आपलं घंगाळ या पोरांनी सांभाळून ठेवलं म्हणून त्यांना बरंही वाटलं. पण घंगाळावर परीक्षा थोडीच असते?

केतकीकडं त्यावरही तोड होती. टिकलीतून अगदी सौम्य विजेचा झटका देऊन तीच लहर बाहेरून उठवता येत होती. शिक्षकाच्या हातात एक बटण. बटणाचं नाव 'ठसा'. ज्या वाक्याला ते दाबाल ते वाक्य पोराच्या डोक्यात पक्कं बसलंच म्हणून समजा.

"पण मॅडम, तासाला एखाद-दोन वाक्यांनाच," केतकी बजावून गेली. "मेंदूला सोसवेल एवढंच द्यायचं."

आता तुम्हीच सांगा, इतकी वर्षं वाहून गेलेले शब्द एका बटणावर राहणार असतील तर कोणता शिक्षक हात आवरेल? डुबल मॅडमनी सुरुवातीला आवरला. एक व्याख्या, एक दाब. दुसऱ्या दिवशी विचारलं तर सगळ्या वर्गानं ती धडाधड म्हणून दाखवली. मग दोन झाल्या, मग पाच. घटक चाचणी जवळ आली तसा मॅडमनी सोपा मार्ग काढला. "लिहून घ्या" म्हणायचं, अंगठा बटणावर ठेवायचा आणि घंटा होईपर्यंत उचलायचाच नाही.

चाचणीचा निकाल लागला आणि शाळेत दिवाळी झाली. जी पोरं सोडियम म्हटलं की सोडा आणायला पळायची, त्यांना भरभरून गुण. आया पेढे घेऊन आल्या. राजवीची आई हात जोडून म्हणाली, "मॅडम, तुमचं उपकार कसं फेडायचं? हिचं पप्पा कोइमतूरला हायत, तिथं दुकानात सगळ्यास्नी सांगत सुटल्यात." मॅडमना त्या रात्री सुखाची झोप लागली.

मग शिक्षण विभागाचे मोठे साहेब हा चमत्कार बघायला आले. हेडसरांनी नवा सदरा घातला होता. साहेबांनी मधल्या रांगेतल्या एका पोराला उभं केलं आणि विचारलं, "बाळ, लोखंड का गंजतं?"

पोरगा ताठ उभा राहून म्हणाला, "लोखंडी वस्तू दमट हवेत गंजतात, स्वल्पविराम, कारण लोखंडाचा ऑक्सिजन आणि बाष्पाशी संयोग होऊन, स्वल्पविराम, शेवटचा बाक खिडकी लावा, त्यावर तांबूस थर तयार होतो."

साहेबांनी चष्मा काढला. दुसऱ्याला विचारलं. दुसऱ्यानंही खिडकी लावली. तिसरी मुलगी म्हणाली, "आम्लारी म्हणजे, समास सोडा, चवीला तुरट आणि स्पर्शाला बुळबुळीत, ओंकार तोंडातलं थुंकून ये, असा पदार्थ." वर्गाच्या मागं उभा असलेला शिपाई हसू दाबता दाबता बाहेरच पळाला. साहेबही हसले, मोठ्यानं हसले. जाताना म्हणाले, "मॅडम, पाठांतर मात्र विलक्षण आहे." हेडसरांच्या नव्या सदऱ्याला घामानं पाठ चिकटली होती.

डुबल मॅडमही हसल्या, पण घरी गेल्यावर त्यांच्या मनाला ते खटकत राहिलं. पोरांना स्वतःला हसू आलं नव्हतं. आपण काय म्हणतोय याचं त्यांना काही वाटलंच नव्हतं. तरीही त्यांनी बटण सोडलं नाही. वार्षिक परीक्षा आहे, पुढच्या वर्षी बोर्ड आहे, एवढं वर्ष जाऊ दे, असं त्या स्वतःला समजावत राहिल्या.

माघात गावची जत्रा आली. लांबलांबच्या गावांहून बाप यायला लागले, गल्लीगल्लीत बॅगा आणि मिठाईचे पुडे दिसू लागले. जत्रेच्या आदल्या दिवशी पहिलाच तास चालू असताना वर्गाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. उंच, पुढचे केस विरळ झालेले, बोटांच्या टोकांवर आम्लाचे पिवळे डाग. शेजारी राजवी. तिचे डोळे रडून सुजले होते.

"ओळखलंत का मॅडम? सूरज देवकर. शेवटच्या बाकावरचा," असं म्हणून तो वाकून पाया पडला.

मॅडमनी वर्गाला धडा वाचायला लावला आणि दोघांना व्हरांड्यात घेऊन गेल्या. "काय झालं रे? पोरगी का रडतीय?"

"काय न्हाई मॅडम, उगं मनाला लावून घेतलंय तिनं." सूरजनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी सोमवारी फोनवर हिला सांगितलं हुतं, आईला कळू देऊ नको, मी एक दिवस आधीच येतोय, तू सायकल घेऊन फाट्यावर ये, दोघं मिळून आईला गंमत दाखवू. दरवर्षी काहीतरी अशी गंमत असती आमची. काल उतरलो, तासभर वाट बघितली, मग आलो चालत. त्यात काय एवढं?"

"मला आठवतच नाही," राजवी एकदम म्हणाली. "मॅडम, फोन आला होता ते आठवतंय. पप्पा काय बोलले ते नाही आठवत. परवाचं नाही आठवत, त्याच्या आधीचंही नाही. मी रोज बोलते त्यांच्याशी, मॅडम! फोन ठेवला की सगळं जातं." आणि मग, कुणी विचारलं नसताना, तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "उदासिनीकरण म्हणजे, स्वल्पविराम, आम्ल आणि आम्लारी यांची..." तिनं तोंडावर हात दाबून धरला.

डुबल मॅडमनी राजवीला जवळ ओढलं. वर्षभर ज्या पोरीला बाप म्हणजे एवढाच, फोनमधला आवाज, तो आवाजच आपण पुसून टाकला की काय?

त्यांनी तिथल्या तिथं केतकीला फोन लावला. केतकीनं राजवीची रेष तिकडं पुण्यात उघडली.

"मॅडम, ठसा किती वेळ दाबत होतात?"

"तासभर," मॅडम म्हणाल्या. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"अरे देवा," केतकी म्हणाली. "मॅडम, त्या ठिपक्याकडचं रसायन काही अखंड वाहत नसतं. दिवसापुरतं साठतं, झोपेत पुन्हा भरतं. तुम्ही सकाळीच सगळं खर्चून टाकलंत, मग संध्याकाळी त्याच्याकडं शिंपडायला काही उरत नाही. बाकीच्या मुलांचंही थोडंफार तसं झालंय. पण राजवीची लहर मुळातच जास्त उसळणारी, म्हणून तिचा साठा जास्त उपसला गेला. आता तर तो ठिपका स्वतःला वाचवायला गप्पच बसलाय. तिची स्वतःची अशी एकही लहर गेल्या पंधरवड्यात दिसत नाही."

"परत येईल?"

"यायला हवी. पण कधी, ते मला सांगता येणार नाही."

मॅडम व्हरांड्यातल्या कठड्यावर बसल्या. "सूरज, मी तुझ्या पोरीचं वाटोळं केलं रे."

"मॅडम, आसं बोलू नका." तो समोर उकिडवा बसला. "मी तुमास्नी भांडायला न्हाई आलो. मी दरवर्षी ठरवतो, ह्या जत्रंला मॅडमकडं जाऊन यायचं, आन् दरवर्षी राहतंय. आज पोरीच्या निमित्तानं आलो. तुमच्यामुळं मी जिता हाय, ते सांगायचं हुतं."

"माझ्यामुळं?"

"सोनं गाळताना त्यातल्या चांदीवर आम्ल घातलं की तांबूस धूर सुटतोय. आमी सगळी फरशीवर मांडी घालून बसणार. आमच्या वडलांचा खोकला त्यापायीच कधी गेला न्हाई. तुमी एकदा लिहून द्यायचं थांबवलं, खिडकीतनं बाहेर बघितलं आन् म्हणाला, हा वायू हवेपेक्षा जड असतो रे पोरांनो, तो वर जात नाही, खाली बसतो, आणि तुमचे बाप खालीच बसतात. एवढं बोलून परत स्वल्पविराम चालू. पण माझ्या अंगावर काटा आला. सगळी शाळा झाली माझी, पण कुणी न सांगता मी लिहिलेलं ते एकच वाक्य. तेबी तळहातावर, पेनानं." तो हसला. "दुकान घेतलं तसा पहिला ओटा बांधला, उभं राहून काम. धूर ओढायचा पंखा खाली, जमिनीलगत. आमच्या गल्लीत आता बारा दुकानांत तसंच हाय. माझ्या दुकानात एक माणूस खोकत न्हाई, मॅडम. तुमचं लई उपकार हायत."

मॅडमना ते वाक्य आठवत नव्हतं. कधी म्हटलं, का म्हटलं, काहीच नाही. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. एवढ्या वर्षांत लाखांनी वाक्यं लिहून दिली, आणि ज्यानं माणसं वाचली ते वाक्य त्यांनी लिहून दिलंच नव्हतं! या पोरानं आपल्या बापाच्या खोकल्यापायी ते उचललं होतं. त्या वेळी त्यांच्या हातात ठशाचं बटण असतं, तर या पोराकडं ते उचलायला जागाच राहिली नसती.

"उपकार तुझे रे बाबा," त्या कशाबशा म्हणाल्या. "तू ऐकत होतास तेच खूप झालं."

मधल्या सुट्टीत मॅडम हेडसरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बटण त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"सर, हे आजपासून बंद. टिकली नुसती बघायला राहू दे, पण ठसा नाही."

"मॅडम, वार्षिक तोंडावर आलीय! साहेबांनी वरपर्यंत अहवाल धाडलाय. आता गुण उतरले तर लोक काय म्हणतील? तुमचंच नाव खराब होणार."

"होऊ दे," मॅडम म्हणाल्या. "पोरगी बापाचं बोलणं विसरतीय, सर. माझं नाव घेऊन काय करू?"

पिसाळ सरांनी बटणाकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं. मग ड्रॉवर उघडून बटण आत टाकलं आणि सवयीप्रमाणं कुलूप लावलं. "किल्ली माझ्याकडं राहील," ते म्हणाले. "तुम्ही मागितलीत तरी देणार नाही." बरा माणूस होता तो, खरंच.

जत्रेची सुट्टी संपली, मॅडम वर्गात उभ्या राहिल्या आणि त्यांना कळेना, आता बोलायचं काय? लिहून द्यायचं नाही म्हटल्यावर तोंड उघडायचीच भीती. पहिले काही तास तर फजितीचेच गेले. पोरं पेन उघडून वाट बघत बसायची आणि मॅडम "हं, तर..." म्हणून थांबायच्या. मग हळूहळू त्यांनी एकेक करून बघायला सुरुवात केली. चिंच, लिंबू, राख, खडू, सगळं घरून आणलं. हळदीच्या कागदावर साबण लावून तो लाल केला आणि का ते सांगितलंच नाही, तसाच फळ्यावर चिकटवून ठेवला. त्या दिवशी अर्ध्या वर्गाची रेष उसळली. फळ्यावर मुद्दाम चूक केली, तेव्हा थोडी उसळली, पण पोरांना चूक मुद्दामची आहे हे लगेच कळलं आणि परत करून बघितली तेव्हा रेष ढिम्म हलली नाही. खरी चूक झाली तेव्हा मात्र सगळा वर्ग जागा. गोष्ट अर्धी सोडून घंटेला निघून गेल्या, तेव्हा पोरं व्हरांड्यापर्यंत मागं आली. मोठ्यानं ओरडण्याचा काही म्हणजे काहीच उपयोग होत नव्हता. हे कळायला त्यांची अख्खी नोकरी सरावी लागली, याचं त्यांना मनातल्या मनात हसू यायचं.

एकेक पोराची लहर परत येत गेली. ज्या पोरानं साहेबांपुढं खिडकी लावली होती तो एक दिवस स्वतःच उठून म्हणाला, "मॅडम, मी काय येड्यासारखं बोललो हो त्या दिवशी!" आणि सगळा वर्ग पोट धरून हसला. मॅडमना ते हसणं ऐकून एवढा आनंद झाला, की त्यांनी त्याला जवळ बोलावून पाठीत धपाटा घातला.

पण राजवीची रेष सपाटच. ती वेळेवर यायची, पहिल्या बाकावर बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची. सूरज जत्रा करून परत कोइमतूरला गेला. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. आई सांगायची, पोरगी बोलते, हसते, फोन ठेवते, आणि थोड्या वेळानं विचारलं की गप्प होते. मॅडम रोज शाळा सुटल्यावर तिची रेष उघडून बघायच्या. बोट लावून बघायच्या, जणू बोटानं उचलली तर ती उठेल. फाल्गुनात प्रयोगाची मुदत संपली. केतकी येऊन टिकल्या, पडदा, बटण सगळं खोक्यात भरून घेऊन गेली. शेवटच्या दिवसापर्यंत ती रेष उठली नव्हती.

"आता आपल्याला कसं कळणार गं?" मॅडमनी विचारलं.

"कळेल, मॅडम," केतकी म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता.

मग नुसतं शिकवणं उरलं. यंत्र नाही, रेष नाही, कोण काय ठेवतंय आणि कोण काय सोडतंय ते समजायला मार्ग नाही. ऊन चढायला लागलं होतं. एक दिवस दुपारच्या तासाला मॅडम धातू आणि आम्लांबद्दल बोलत होत्या. आम्लात विरघळलेल्या चांदीत तांब्याची पट्टी सोडली, की तांबं विरघळतं आणि चांदी परत बाहेर येते, हे त्या फळ्यावर मांडत होत्या. मांडून झालं आणि पहिल्या बाकावरून हात वर आला.

"मॅडम, एक विचारू?" राजवी उभी राहिली. "पप्पा काल फोनवर म्हणत होते..."

मॅडमचा हात फळ्यावरच थांबला.

"पप्पा म्हणत होते, थंडीत ते तांब्याची पट्टी सोडतात तेव्हा चांदीला झाडासारख्या फांद्या फुटतात. लांब लांब. एवढ्या छान, की मोडवत नाहीत. आणि आता ऊन वाढलंय तर नुसती भुकटी पडतीय. आम्ल तेच, पट्टी तीच. मग असं का होतं?"

डुबल मॅडमनी खडू खाली ठेवला. प्रश्नाचं उत्तर त्यांना येत नव्हतं, पण त्या थांबल्या त्या त्यासाठी नाही. काल. पोरगी काल म्हणाली. कालचा फोन, कालचं बोलणं, फांद्या, भुकटी, सगळं तिच्यापाशी शाबूत होतं. कुणाचे आभार मानावेत तेच त्यांना कळेना. त्या पोरीचे, तिच्या बापाचे, की त्या कुणाचंही न ऐकणाऱ्या निळ्या ठिपक्याचे? त्यांनी मनातल्या मनात सगळ्यांनाच हात जोडले.

"मला नाही माहीत, बाळा," त्या म्हणाल्या. "खरंच नाही माहीत. आपण शोधू."

मधल्या रांगेतल्या एकानं वही ओढली आणि लिहायला लागला. मग त्याच्या मागच्यानं. मग तिकडं खिडकीकडच्या मुलींनी. लिहायचं का म्हणून कुणी विचारलं नाही, कुणी समास सोडला नाही, प्रत्येक जण आपल्या शब्दांत तो प्रश्न उतरवत होता. मॅडमनी एकाच्याही वहीत डोकावून बघितलं नाही. त्या राजवीच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या.

"आणखी काय म्हणाले गं पप्पा?"

"ते विज्ञानाचं नाही, मॅडम."

"नसू दे. सांग तू."

"दुकानासमोरच्या मांजरीला चार पिल्लं झालीत," राजवी म्हणाली. "त्यातलं एक काळं आहे, ते पप्पांच्या चपलेतच झोपतं, मग पप्पा अनवाणी चहाला जातात. रविवारी त्यांचा भात करपला. शेजारचे अण्णा त्यांना रस्सम देऊन गेले. पप्पांना तिथली शिवी आली एक, पण ती मला सांगत नाहीत." ती थांबली. "आणि त्यांचा आवाज बसला होता. सर्दी झालीय म्हणाले. पण मॅडम, सर्दी नव्हती ती. त्यांना आमची आठवण आली होती."

मॅडमनी तिचा हात हातात घेतला. घंटा झाली, तरी राजवी सांगत होती, आणि मॅडमनी तिला एकदाही थांबवलं नाही.